टपालबोटीचा उशीर कसा मोजावा?

प्रश्न : पणजोबांनी 1884 साली मुंबईहून लंडनला पाठवलेली पाकिटे आमच्याकडे आहेत. जुलैतल्या पत्रांना हिवाळ्यापेक्षा बरेच जास्त दिवस लागलेले दिसतात. काहींवर ‘व्हाया ब्रिंडिसी’ लिहिले आहे. कारण काय?

उत्तर : मुख्य कारण नैर्ऋत्य मोसमी वारा. मुंबईहून एडनला (तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळचे बंदर) जाताना तो समोरून येतो, त्यामुळे बोट रखडते. येणाऱ्या टपालाला त्याचा इतका जाच नाही.

ब्रिंडिसी हे इटलीच्या टाचेवरचे बंदर. तिथून टपाल रेल्वेने कॅलेकडे, म्हणजे इंग्लंडसमोरच्या फ्रेंच बंदराकडे, जाई. संपूर्ण सागरी मार्गापेक्षा हे जलद. सुवेझ कालवा 1869 मध्ये खुला झाला, तरी 1884 मध्ये टपालाच्या थैल्या सुवेझला उतरवून रेल्वेने भूमध्य समुद्रावरच्या अलेक्झांड्रियाला नेत आणि तिथे दुसऱ्या बोटीत चढवत. पहिली बोट उशिरा आली की पुढची सगळी साखळी सरके. टपाल थेट कालव्यातून जाऊ लागले ते 1888 पासून.

दिवस मोजताना मात्र पत्रावरची तारीख धरू नका. टपालबोट आठवड्यातून एकदाच सुटे. ती चुकली की पत्र मुंबईतच पडून राही. आधी मुंबईचा शिक्का पाहा. ‘टू लेट’ (फार उशिरा आले) असा ठसा असेल, तर दोष वाऱ्याचा नाही, पेटी बंद झाल्यावर पत्र टाकणाऱ्याचा!