कब्जा, परज, कटोरी: युरोपीय तलवारीच्या मुठीचे वर्णन मराठीत कसे करावे?

प्रश्न असा: युरोपीय तलवारींच्या प्रतिकृतींचे फोटो टाकताना खाली मराठीत दोन ओळी लिहायच्या आहेत. 'या फिरंगी तलवारीच्या हँडलवरची कटोरी फारच देखणी आहे' हे वाक्य चालेल का? फोटोतली तलवार म्हणजे सतराव्या शतकातल्या स्पॅनिश रेपियरची, म्हणजे सरळ, लांब, अरुंद तलवारीची प्रतिकृती, हाताच्या पुढ्यात खोलगट पोलादी वाटी असलेली.

हँडल सहज काढता येते. मूठ हा शब्द असताना सायकलचा शब्द तलवारीला कशाला? खरी अडचण 'फिरंगी' आणि 'कटोरी' या दोन शब्दांची आहे, कारण दोन्ही अस्सल आपले आहेत आणि दोन्हींचा अर्थ आधीच ठरलेला आहे.

फिरंग म्हणजे युरोपात बनलेल्या पात्याला इथली मूठ बसवलेली तलवार. पाती जहाजाने यायची, मूठ इथे चढायची, तीही बहुधा खंडा या आपल्या रुंद सरळ तलवारीच्या धाटणीची, बोटांवर रुंद पट्टी असलेली. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रिन्स ऑफ वेल्सला त्याच्या १८७५-७६च्या हिंदुस्थान दौऱ्यात दिलेली, आज ब्रिटिश राजसंग्रहात असलेली 'जगदंबा' अशीच आहे: पाते युरोपीय, त्यावर 'आय एच एस' ही येशूच्या नावाची अक्षरे, आणि मूठ इथली. म्हणजे मूठही युरोपीय असेल, तर जाणकार तिला फिरंग म्हणणार नाही. 'युरोपीय तलवार' लिहावे, किंवा सरळ रेपियर. किरच हा शब्दही कोणी सुचवेल. सरळ, अरुंद, भोसकण्याची तलवार एवढ्या ढोबळ अर्थाने तो चालेल; पण मुठीविषयी बोलायचे असेल तर रेपियरच बरा, कारण किरच म्हटल्यावर मुठीची अमुक एक घडण डोळ्यांपुढे येत नाही.

आता कटोरी. आपल्या तलवारीत कटोरी असते मुठीच्या मागच्या टोकाला: मनगटाकडची गोल तबकडी, तिच्यावर छोटा गोंडा, आणि बऱ्याचदा दोरी ओवायला भोक. रेपियरची वाटी असते नेमकी उलट टोकाला, पाते जिथून सुरू होते तिथे. फोटोखाली 'कटोरी' वाचून माहितगार माणूस मुठीची मागची बाजू पाहील, आणि तिथे त्याला दिसेल एक गोळा. म्हणून वाटीला वाटीच म्हणा. तिचा काठ बाहेरच्या बाजूला किंचित वळवलेला असेल तर तेही लिहा. तो नुसता शोभेचा नसतो. घसरत आलेले समोरच्याचे टोक तिथे अडकावे म्हणून तो वळवतात.

हे शब्द जसेच्या तसे का बसत नाहीत, याचे कारण बांधणीत आहे. आपल्या तलवारीची पोलादी मूठ बहुतेक एकसंध आणि आतून पोकळ असते. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा त्याचा निमुळता भाग, तिच्यात घालून राळ-लाखेने पक्की करतात. युरोपीय मूठ सुट्या भागांची: आधी आडवी दांडी, मग दोरी किंवा चामडे गुंडाळलेली लाकडी पकड, शेवटी गोळा. शेपटी या सगळ्यांतून आरपार जाते आणि गोळ्याच्या बाहेर आलेले तिचे टोक ठोकून चेपतात. त्या गोळ्यालाच पॉमेल म्हणतात. तो अख्ख्या मुठीला आवळून धरतो आणि पात्याच्या वजनाला मागून तोल देतो. आपल्या कटोरीकडे पहिले काम नसतेच. त्यामुळे पॉमेलला एकशब्दी प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा पहिल्यांदा 'मुठीच्या टोकाचा गोळा, म्हणजे पॉमेल' असे लिहावे आणि पुढे नुसते पॉमेल. चपटी चकती, कडा उतरवलेली चकती, नासपतीसारखा, माशाच्या शेपटीसारखा, हे आकार मराठीत सुखाने सांगता येतात. ब्रिटिश अभ्यासक एवर्ट ओकशॉट यांच्या वर्गीकरणात पॉमेलला अक्षरे आणि आडव्या दांडीला आकडे आहेत. ती अक्षरे तशीच ठेवावीत, 'एच'चा 'ह' करू नये.

मुठीच्या बाकी भागांना शब्द आहेत. हाताच्या पकडीत येतो तो कब्जा. 'कब्जा सैल झालाय' यात ताब्याचा अर्थ डोकावतो खरा, पण संदर्भ तलवारीचा असला की कोणी चुकत नाही. बोटांपुढून जाणाऱ्या कमानीला परज. हा शब्द जुन्या लिखाणात सैलपणे साऱ्या मुठीलाही येतो, म्हणून 'बोटांवरची परज' असे लिहिलेले बरे. मध्ययुगीन सरळ तलवारीला ही कमान नसते, नुसती आडवी दांडी असते. 'आडकाठी' म्हणण्याचा मोह होतो, आणि काम ती तेच करते, पण वाचणारा हसेल. स्कॉटिश तलवारीच्या, हात पूर्ण झाकणाऱ्या मुठीला 'जाळीची मूठ', आणि रेपियरच्या गोल फिरवलेल्या सळयांच्या मुठीला 'वेढ्यांची मूठ' म्हणता येईल.

मग वाक्य असे होईल: 'या स्पॅनिश रेपियरच्या मुठीची वाटी फारच देखणी आहे.' त्यात आणखी भर घालायची असेल तर विशेषणे वाढवण्यापेक्षा तोल सांगा. एकहाती मध्ययुगीन तलवार बोटावर तोलली तर ती आडव्या दांडीपासून साधारण ७ ते १५ सेंमीवर स्थिरावते. प्रतिकृती त्याहून फार पुढे झुकत असेल तर पाते जड आहे किंवा पॉमेल हलके. मूठ खुळखुळत असेल तर बहुधा पॉमेल चेपून बसवण्याऐवजी आट्यांवर फिरवलेले असते आणि ते ढिले झालेले असते. पुन्हा आवळता येते. स्वस्त शोभेच्या तलवारींत मात्र शेपटीच्या जागी बारीक सळई वेल्ड केलेली असते. ती जोडावरच तुटते, आणि पाते उडून जाते. अशी तलवार फिरवू नये, भिंतीवरच ठेवावी.

'प्रतिकृती' हा शब्दही जपून वापरावा. विशिष्ट मूळ वस्तू मोजून केलेली असेल तरच ती प्रतिकृती. स्वीडनमधल्या वेस्टेरोस कॅथेड्रलात त्या देशाचे राज्यकारभारी स्वांते निल्सन स्तुरे यांच्या थडग्यात सापडलेल्या तलवारीवरून अमेरिकेतल्या अल्बियन कंपनीने केलेली तलवार त्यात बसते. नुसती त्या काळासारखी दिसणारी असेल तर 'पंधराव्या शतकातल्या धर्तीची' म्हणावे.

लिहिताना 'मूठ' दीर्घ, पण 'मुठीचा, मुठीवर, मुठी' ऱ्हस्व. 'मूठीचा' हे फोटोंखाली सर्रास दिसते, ते चूक आहे.