मॉर्फिन लिहून दिलं म्हणजे…

"मॅडम, अण्णांना मॉर्फिन लिहून दिलंय. म्हणजे आता किती दिवस?"

कॅन्सर रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात समुपदेशक म्हणून बसते, तिथं हा प्रश्न बाहेरच्या बाकावरूनच ऐकू येतो. विचारणारा बहुतेक मुलगा किंवा मुलगी असते, आणि रुग्णाला व्हीलचेअरवर जरा लांब ठेवून विचारतात. या वेळी सचिन होता (नाव बदललंय). सोलापूर जिल्ह्यातलं शेतकरी घर. अण्णांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, आता आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन आणि सोबत आठवड्याला एक केमो. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटून निघालं. पाण्याचा घोटसुद्धा उतरेना.

सचिनला आधी एवढंच सांगितलं, की अण्णांचं मॉर्फिन तोंडातल्या जखमांसाठी आहे. रेडिएशन संपलं की काही आठवड्यांत त्या भरत येतात, मग गोळीही हळूहळू कमी करून बंद करतात. 1986 साली जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनांसाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली. तिच्यात औषध ठरतं ते दुखणं किती आहे यावर. आजार कितव्या स्टेजला आहे, याचा तिथं संबंध नाही. पण मॉर्फिन म्हणजे शेवट, ही लोकांच्या मनातली भीती उगाच आलेली नाही. मॉर्फिन अफूपासून बनतं, म्हणून 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर ही गोळी कित्येक वर्षं मिळायचीच मुश्किलीनं. 2014 च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त रुग्णालयांचं काम सोपं झालं, तरी अजून ती गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मिळते तिथं सह्या घेऊन देतात. एवढा बंदोबस्त पाहिल्यावर घरातल्यांना धसका बसणारच.

मग अण्णांना आत घेतलं. बोलता येत नव्हतं, म्हणून दुखणं शून्य ते दहामध्ये किती ते बोटांनी दाखवायला सांगितलं. त्यांनी चार बोटं वर केली. सचिन बाटली भरायला बाहेर गेला तसं त्यांनी दाराकडे पाहिलं आणि दुसरा हात वर करून आठ केली. पोराची सुट्टी, पोराचा खर्च, त्यात आपलं दुखणं कशाला, असा हिशेब. आईवडील दुखणं लपवतात हे मी प्रत्येक घराला सांगते, पण डोळ्यांसमोर घडल्याशिवाय कुणाला पटत नाही. सचिन आल्यावर अण्णांच्या परवानगीनंच त्याला आठ हा आकडा सांगितला. तो बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत बसला.

आठ का, तर चिठ्ठीवर दर चार तासांनी लिहिलेली गोळी आई फक्त रात्री देत होत्या. "बाई, सवय लागली तर?" वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळाच. शरीराला त्याची सवय होते, हे खरं. म्हणूनच ते एकदम तोडायचं नसतं. आणि दुखणं भडकल्यावर गोळी दिली तर तीच गोळी कमी पडते. पेटलेला गवताचा भारा विझवण्यापेक्षा ठिणगीवर पाय ठेवणं सोपं, हे आईंना लगेच कळलं. त्यांच्याकडे भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात दुधाचा हिशेब. त्याच चौकटीत गोळीच्या खुणा करायच्या ठरल्या. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठता होतेच. कुंथून त्रास झाला की माणूस पहिल्यांदा गोळीच सोडतो.

पण मला खरी काळजी वाटली ती सचिनच्या पिशवीतल्या पाकिटाची. गालाची सूज उतरावी म्हणून त्यानं गावच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं होतं. घरोघरी असते ती गोळी, वाईट नाही. पण अण्णांना चालू असलेलं केमोचं औषध, सिस्प्लॅटिन, किडनीवर ताण आणतं, आणि ही गोळीही तेच करते. केमोनं प्लेटलेट्स उतरल्या असतील तर रक्तस्रावाची भीती वेगळीच. शिवाय अशा गोळ्यांनी ताप दबतो, पॅरासिटामॉलनंही. केमो चालू असताना 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर रात्री दोन वाजता का होईना, फोन करायचा असतो. म्हणून आधी थर्मामीटर, मग गोळी. ते पाकीट मी तिथल्या तिथं डॉक्टरांना दाखवायला पाठवलं. त्यांनी बंद केलं. पुण्याच्या आत्यानं पाठवलेल्या हळदीच्या कॅप्सूलही थांबवल्या. भाजी-आमटीतली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला अर्क वेगळा.

बाकी साधंच होतं. मीठ-सोड्याच्या पाण्यानं दिवसातून पुष्कळ वेळा चुळा, तिखट आणि गरम बंद, गोळी लागू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं पातळ पेज. ही वेळ सांभाळली की चार घास जास्त जातात. वजन घटलं तर रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून घालतात तो मुखवटा सैल होतो, आणि दुखण्यापायी मधे खाडे पडले तर उपचाराचाच तोटा. दुखणं सहन करून उपचार पूर्ण होतील असं पुष्कळांना वाटतं. माझ्या पाहण्यात उलटंच जास्त होतं.

अण्णांनी रेडिएशनचा एकही दिवस चुकवला नाही. मॉर्फिन उतरवत उतरवत बंद झालं. हनुवटीखालची सूज थोडी राहिली, तिच्यासाठी फिजिओथेरपी चालू आहे. परवा सचिनचा फोन आला: दहा गोळ्या उरल्यात, काकांचा गुडघा फार दुखतो, देऊ का? म्हटलं, काकांना हाडांच्या डॉक्टरकडे ने, आणि त्या गोळ्या पुढच्या खेपेला मोजून आमच्या फार्मसीत आणून दे.