मुळांनी बांधलेला सापळा आणि आतलं दुसरं तोंड

प्रश्न: भाच्याने फिनलंडहून मासे पकडायचा जुना सापळा आणलाय, हाताने विणलेला, लाकडाच्या काड्या आणि झाडाची मुळं, एकही खिळा नाही की तार नाही. सासूबाई कोळीवाड्यातल्या, त्या म्हणतात तोंड तर उघडंच आहे, मासा आला तसा जाणार नाही का? आणि पावसात त्याला पांढरी बुरशी आलीये, वॉर्निश मारू का?
– एक वाचक, वरळी

उत्तर: ताई, वॉर्निश अजिबात नको, आत ओल असेल तर ती कोंडून राहील. पण आधी सासूबाईंचं, कारण त्यांनी नेमका प्रश्न विचारलाय.

ह्याला तिकडे मेर्ता म्हणतात. आत डोकावून बघा, नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं अजून एक तोंड दिसेल. त्यात हात हळूच घाला, सहज जाईल, काढताना मात्र काड्यांची टोकं मनगटाला टोचतील. मासा बाहेर पडायला कडेकडेने फिरत राहतो आणि भोक असतं मधोमध, म्हणून ते त्याला सापडत नाही. सासूबाईंना डोलीवरून, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत लावायच्या पिशवीसारख्या जाळ्यावरून सांगा, लगेच कळेल. डोलीत बोंबील, जवळा पाण्याच्या ओढीने शिरतो आणि ओढ आहे तोवरच आत राहतो, म्हणून पाणी फिरायच्या आत डोल उचलायची घाई असते ना, मेर्ता तर तळ्याच्या संथ पाण्यातही चालतो, ओढीचं काम ते आतलं तोंड करतं. आपल्याकडे वलगणीच्या, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला ओढ्यातून वर चढणाऱ्या माशांसाठी बांबूचे सापळे लावतात त्यातही हीच युक्ती, मला हे फार भारी वाटतं.

मुळं बहुतेक स्प्रूसची, म्हणजे तिकडच्या सूचिपर्णी झाडाची असतील. ती जमिनीच्या वरच्या थरातच लांब पसरतात, त्यातली दोरीएवढी बारीक काढायची, साल सोलायची, उभी चिरायची आणि भिजवून गुंडाळायची. ओलं मूळ हवं तसं वळतं, सुकलं की त्याच वळणात बसतं, पाण्यात गंजायचा प्रश्नच नाही. आणि असा सापळा पाण्यात हरवला तर काही काळाने कुजून आपोआप उघडतो, नायलॉनचं हरवलेलं जाळं मात्र वर्षानुवर्षं मासे मारत राहतं, ह्याचा खरंच त्रास होतो.

बुरशी मास्क लावून सुक्या ब्रशने झाडा, दोन दिवस पंख्याखाली ठेवा, कडक उन्हात नको, मुळं तडकतील. भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, छताला टांगा. एखादं मूळ तुटलंच तर तार न वापरता सुती दोरा घ्या आणि गाठ सासूबाईंनाच मारू द्या.