भाडेकरूमुळे झालेला दुरुस्तीखर्च: डिपॉझिटला मध्येच हात लावता येतो का?

तुमच्या इंग्लंडमधल्या फ्लॅटचं टॉयलेट तुंबलं, प्लंबरने ओले वाइप्स बाहेर काढले आणि १४० पौंडांचं बिल दिलं. भाडेकरू अजून राहणारच आहे, तर हे पैसे डिपॉझिटमधून आत्ताच वळते करता येतील का, असं तुम्ही विचारलंत.

नाही. डिपॉझिट शेवटपर्यंत भाडेकरूचेच पैसे असतात. २००४ च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे ते मान्यताप्राप्त डिपॉझिट-संरक्षण योजनेत नोंदवावं लागतं. पैसे योजनेकडेच जमा असतील, तर तुम्हाला एकट्याला ते काढता येणारच नाहीत. विमा प्रकारच्या योजनेत (पैसे घरमालकाकडे, योजनेची फक्त हमी) ते तुमच्या खात्यात असले, तरी भाडेकरूच्या संमतीशिवाय त्यातून काही कापू नका. आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत डिपॉझिट नोंदवून ठरलेली माहिती भाडेकरूला दिली होती ना, हे आजच तपासा. ते राहिलं असेल तर कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीनपट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. त्यापुढे १४० पौंड काहीच नाहीत.

दुरुस्ती लगेच करून घेतलीत, ते योग्यच केलंत. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ नुसार संडास, नळ, हीटिंग चालू ठेवणं घरमालकाचं काम. मात्र भाडेकरूच्या गैरवापरामुळे निघालेलं काम त्यात येत नाही. १९५३ च्या वॉरेन विरुद्ध कीन खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी स्पष्ट म्हटलं होतं, की आपल्या कचऱ्याने तुंबलेलं सिंक भाडेकरूनेच मोकळं करायचं. तेव्हा पैसे मागायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त कारण सिद्ध करावं लागेल, आणि खरी अडचण तिथेच येते.

बिलावर नुसतं ‘ड्रेन साफ केला’ असं असेल तर त्याचा उपयोग नाही. काय निघालं, कुठे अडकलं होतं, हे प्लंबरकडून लिहून घ्या, फोटो मागवा. फ्लॅट आहे म्हणून विचारतो: अडथळा तुमच्याच टॉयलेटच्या पाइपात होता, की सगळ्या मजल्यांच्या सामायिक पाइपात? सामायिक पाइपात असेल तर ते वाइप्स वरच्या मजल्यावरचेही असू शकतात, आणि मग मागणी सोडून द्यावी. भाडेकरू नुकताच राहायला आला असेल, तर आधीच्याचा कचराही निघू शकतो.

कारण पक्कं असेल तर भाडेकरूला सभ्य भाषेत ईमेल करा, बिल जोडा, हवं तर दोन हप्त्यांची सवलत द्या. बहुतेक माणसं पुरावा बघून पैसे देतात. बिलावर ‘ॲडमिन’चे म्हणून वरचे पैसे मात्र लावू नका, २०१९ च्या टेनंट फीज ॲक्टने तशा वसुलीला बंदी आहे. आलेलं भाडं या बिलात वळवून भाडं थकलंय असंही दाखवू नका.

नकार आला तर कागद जपून ठेवा आणि भाडेकरू घर सोडताना डिपॉझिटमधून मागणी करा. वाद झाला तर योजनेचा निवाडा मोफत असतो. निवाडा करणारा घर बघायला येत नाही, कागदांवरूनच ठरवतो, आणि सिद्ध करायची जबाबदारी तुमची. त्या वेळी कार्पेट वगैरेचाही हिशेब निघेल. तिथे नव्याची पूर्ण किंमत मिळत नाही. दहा वर्षं टिकणारं ६०० पौंडांचं कार्पेट सहाव्या वर्षाअखेर जळलं, तर साधारण २४० पौंडच मागा.