आधी वर्गाची हवा

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिडले, दुसऱ्यांदा नुसती बसून राहिले. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

चार पानांपैकी साडेतीन पानं तू हवामान बदलावर लिहिली आहेस. मुलांना किती सांगावं, काय झाकून ठेवावं, आकडे कोणते द्यावेत, बर्फ कोसळतानाची चित्रफीत दाखवावी की नाही. आणि उरलेल्या अर्ध्या पानात, जाता जाता लिहावं तसं, आठवीतल्या त्या मुलीचं. "सगळं बुडणारच आहे तर गृहपाठ कशाला करायचा, सर?" असं ती म्हणाली, वर्ग हसला, तूही थोडा हसलास आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलास. मग एका पालकांची तक्रार आली, मुख्याध्यापकांनी "पुस्तकाबाहेर जाऊ नका" म्हणून सांगितलं, आणि आता तू मला विचारतो आहेस की खरं सांगायचं की धीर द्यायचा.

अरे, प्रश्नच चुकला. वर्ग का हसला, हे विचार. आणि तू का हसलास?

ती मुलगी थट्टा करत नव्हती, हे तुलाही कळलं होतं. नाहीतर तिचं वाक्य तुला पंधरा दिवसांनी जसंच्या तसं आठवलं नसतं. तुझ्या वर्गात घाबरलेल्या मुलीला आपली भीती विनोदाच्या कागदात गुंडाळून आणावी लागते. तशी आणली की वर्गाला हसायला सोपं जातं. तुझी अडचण ही आहे. बर्फ, समुद्र, कार्बन हे सगळं नंतरचं. आधी वर्गाची हवा.

तुझ्याच पत्रातलं दुसरं एक वाक्य मला जास्त लागलं. "तुमच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची, तसा वर्ग मला अजून जमत नाही," असं तू लिहिलं आहेस. कौतुक म्हणून लिहिलंस, माहीत आहे. एकतीस वर्षं मीही ते कौतुक म्हणूनच मिरवलं. आता त्या शांततेची एक गोष्ट ऐक. तू शाळेत यायच्या बऱ्याच आधीची आहे.

दोन काचेच्या बरण्या, दोन तापमापक. एका बरणीत नुसती हवा, दुसरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांपासून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड. वर दिवा. दुसऱ्या बरणीतला पारा जास्त चढणार, हे मी फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं. वीस मिनिटांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला वाचायला उठवलं. तो म्हणाला, "बाई, दोन्ही सारखेच आहेत." मी म्हणाले, "नीट बघ." तो पुन्हा वाकला, मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "हो बाई, दुसऱ्यात जास्त आहे." सगळ्यांनी वहीत दोन अंशांचा फरक लिहून घेतला. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

दोन्ही सारखेच होते. मी बघितलं होतं.

पुष्कळ वर्षांनी वाचताना कळलं की त्या प्रयोगातच खोट आहे. हरितगृह परिणाम घडतो तो असा: सूर्यप्रकाश आत येतो, तापलेली जमीन ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने वर पाठवते, आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, मिथेन यांसारखे वायू त्यातला बराच भाग वाटेत शोषून घेतात. वीतभर बरणीत ते नीट दिसत नाही. काच स्वतःच अवरक्त किरण शोषते, शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, त्यातून उष्णता वाहून जाण्याची तऱ्हाही वेगळी. म्हणून फरक कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि दिसला तरी बहुतेक वेळा भलत्याच कारणाने दिसतो. म्हणजे पहिल्या बाकावरचं ते पोर बरोबर होतं. त्याच्या त्या एका वाक्यावर महिनाभराचे तास उभे राहिले असते. मी दोन शब्दांत त्याला बसवलं. पुढे दोन वर्षं तो माझ्या वर्गात होता, पण त्याने आपणहून काही विचारल्याचं मला आठवत नाही. त्या वर्षी त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मीच दिले.

हे सांगून मला मोकळं व्हायचं नाही. तू ज्याला विषयाची अडचण समजतो आहेस ती कुठे असते, ते दाखवायचं आहे. हवामानाचं शास्त्र उभं आहे ते "दोन्ही सारखेच आहेत" असं म्हणू शकणाऱ्या माणसांवर. ज्या वर्गात तसं म्हणायची भीती वाटते त्या वर्गात तू हवामान बदल शिकवलास तरी मुलांच्या हाती पाठांतरच लागणार. आज ती तुझं पाठ करतील, उद्या कुणी येऊन "हे सगळं थोतांड आहे" म्हणाला तर तितक्याच आज्ञाधारकपणे त्याचं पाठ करतील.

म्हणून आधी वर्गाची हवा. मी हे या पत्रात आणखी दहादा म्हणेन, कंटाळू नकोस.

आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला फरक आठव. हवा म्हणजे आत्ता, इथे, या घटकेला जे आहे ते. हवामान म्हणजे त्याच हवेची दीर्घकाळची सरासरी, साधारण तीस वर्षांची. शाळेचंही तसंच आहे. हसरे चेहरे चिकटवलेला तक्ता, 'आनंददायी सप्ताह', भिंतीवरचे सुविचार ही झाली एक दिवसाची हवा. मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर तुझी भुवई किती वर जाते, कुणी हसलं तर तू काय करतोस, "मला माहीत नाही" हे वाक्य तुझ्या तोंडून आठवड्यातून किती वेळा येतं, हे रोज साठत जाऊन हवामान बनतं. ते तुझ्या एकट्याच्या हातात नाही. तासाची हवा मात्र आहे.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या आसपास विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून एक साधी गोष्ट मोजली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो? सरासरी सुमारे १ सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की तो दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच सांगून टाकतो. हाच वेळ ३ सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली, आणि मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागली. फक्त ३ सेकंद! हे वाचलं त्या दिवशी मी घड्याळ लावून स्वतःला तपासलं. माझं एक सेकंदसुद्धा भरत नव्हतं. वर्गातली शांतता मला प्रिय होती, पण प्रश्नानंतरची शांतता सोसवत नव्हती.

तू म्हणशील, बाई, पण त्या मुलीला उत्तर काय देऊ?

२०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. हवामान बदलाची 'खूप' किंवा 'अतिशय' चिंता वाटते असं म्हणणारे ५९ टक्के होते. तिथे शिक्षक मंडळी थांबतात आणि "बघा, मुलं किती घाबरली आहेत, सांगूच नका" म्हणतात. पुढचं वाचत नाहीत. जे याबद्दल इतरांशी बोलले होते त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं की आमचं बोलणं कानाआड केलं किंवा उडवून लावलं. तुझ्या वर्गातली ती मुलगी त्या निम्म्यांत गेली, तुझ्या तासाला. तिला भीती तू दिली नाहीस, ती तिच्याकडे आधीच होती. तू तिला त्या भीतीसकट एकटं सोडलंस.

तेव्हा सोमवारी जा आणि वर्गासमोर सांग की त्या दिवशी विचारलेला गृहपाठाचा प्रश्न खरा होता, मी हसलो ते चुकलं. एवढंच. तिला उभं करू नकोस, तिच्याकडे बोट दाखवू नकोस, माफीचं भाषण करू नकोस. हसलेल्या पोरांनाही झापू नकोस. तीही घाबरूनच हसली असतील. मग विचार, "हा प्रश्न आणखी कुणाच्या मनात येऊन गेलाय?" आणि तीन मोज. हवं तर पाच.

त्यानंतर शास्त्र काढ, आणि तेव्हा मात्र एक अक्षर पातळ करू नकोस. मुलांना गोडगोड सांगणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. औद्योगिकीकरणापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० होते, आज ४२०च्या वर आहेत, हे सांग. २०११ ते २०२० या दशकाचं सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सिअसने जास्त होतं आणि त्याला माणूस कारण आहे यात शास्त्रज्ञांना शंका नाही, हेही सांग. पण निकाल म्हणून वाचून दाखवू नकोस. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा, अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांचा आलेख घे. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआच्या डोंगरावर त्यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा ३१५च्या आसपास होता. शीर्षक झाकून तो आलेख भिंतीवर लाव आणि गप्प बस. रेषा वर चढते हे सगळ्यांना दिसेल. मग कुणीतरी विचारेल की तिला करवतीसारखे दात का आहेत. ते दात म्हणजे उत्तर गोलार्धातल्या झाडाझुडपांचा श्वास आहे: उन्हाळ्यात पालवी वायू ओढून घेते, हिवाळ्यात पानं कुजताना परत सोडते. आणि एखादं तीक्ष्ण नजरेचं पोर १९६४ सालची बारीकशी फट दाखवेल. तेव्हा पैशांची ओढाताण झाली आणि काही काळ मोजणी बंद पडली होती. शास्त्र माणसं करतात, रडतखडत करतात, हे त्या फटीइतकं मला कधी पटवून देता आलं नाही.

युनिस फूट या अमेरिकन बाईंचंही सांग. १८५६ साली त्यांनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं की कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते आणि सावकाश निवते. त्यांचा निबंध सभेत वाचला तो दुसऱ्याने. पुढे शंभराहून अधिक वर्षं त्यांचं नाव कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सूर्याचा प्रकाश आणि जमिनीची उष्णता यांतला भेद त्यांच्या प्रयोगात दिसत नव्हता, तो तीन वर्षांनी जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने मोजून दाखवला. नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे कोरड्या हवेतला ९९ टक्के भाग, त्या उष्णतेला जवळजवळ अडवतच नाहीत, हे तिथून कळलं. मुलांना विचार: या खोलीत कुणाचा निबंध दुसराच वाचतोय?

आशेचं काय? ओझोनचं उदाहरण सगळेच देतात, मीही द्यायचे. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचा विरळ होत चाललेला ओझोनचा थर जगापुढे आला, १९८७मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला, आणि आता तो थर हळूहळू भरून येतो आहे. खरी गोष्ट आहे, सांग. पण अंगाईसारखी सांगू नकोस. तिथे मोजके कारखाने होते, आणि ओझोन विरळ करणाऱ्या वायूंना पर्याय सापडले. कोळसा आणि तेल आपल्या प्रत्येक दिवसाच्या बुडाशी आहेत. मुलं हा फरक झेलू शकतात. मोठ्यांनाच झेपत नाही. आणि कृपा करून "दिवे बंद करा, पृथ्वी वाचवा" म्हणत सगळं ओझं तेरा-चौदा वर्षांच्या खांद्यावर ठेवू नकोस. वीजघर कसलं असावं हे त्यांनी ठरवलेलं नाही.

आता मुख्याध्यापकांचं. इथे माझा सल्ला तू जरा जपूनच घे, कारण मी या बाबतीत कधीच शहाण्यासारखी वागले नाही. आमच्याकडे दरवर्षी त्याच खड्ड्यांत रोपं लावून फोटो काढायचे. एका वर्षी मी सभेत विचारलं की गेल्या वर्षीच्यांतली किती जगली. पुढच्या वर्षी माझे वरचे वर्ग गेले. हेका धरला नसता तर बरं, असं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आणि असेलही. पण मी मोजायला सांगितलं होतं, दुसरं काही नाही. अजून मला त्यात चूक दिसत नाही. चूक दिसते ती ही, की सभेत मोजायचा आग्रह धरणारी बाई आपल्या वर्गात पोराला "नीट बघ" म्हणाली. शिक्षकखोलीत मी जो धीटपणा मागत होते तो माझ्या बाकांवर कुणालाच मिळत नव्हता.

तू भांडू नकोस. पुस्तकातल्याच पाठातून हे सगळं काढता येतं, त्यासाठी बाहेर जावं लागत नाही. तक्रार केलेल्या पालकांना तासाला बोलाव, मागच्या बाकावर बसव. आणि तू स्वतः शिक्षकखोलीत कुणापुढे किती गप्प बसतोस तेही एकदा बघ. त्याची उत्तरं मला नकोत.

तुझा वर्ग टाचणी ऐकू येण्याइतका शांत झाला तर मला कळवू नकोस. त्या मुलीने पुन्हा हात वर केला तर मात्र त्याच दिवशी लिही, प्रश्न काय होता ते सांगितलं नाहीस तरी चालेल.

ते दोन तापमापक अजून माझ्याकडे आहेत. सोबत पाठवते आहे, कापसात गुंडाळले आहेत, जपून उघड. त्यातला एक अर्ध्या अंशाने चुकीचा दाखवतो. कोणता ते मी लिहिलेलं नाही.

तुझी,
बाई