‘त्याचाही प्रश्न नाही’ म्हणजे कशाचा?

*ताई,*

*मी ३३ वर्षांची, राहते धायरीत. लग्नाआधीपासून डोंगरात पळते. सिंहगड-राजगड-तोरणा ही ५० किलोमीटरची शर्यत दोनदा पूर्ण केली आहे. बाळ आता नऊ महिन्यांचं आहे. सिझर झालं, त्यामुळे खालच्या बाजूला काही त्रास नाही. पाचव्या महिन्यापासून पुन्हा पळायला लागले, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढून उतरते. नवरा फार चांगला आहे. माझ्या वाढदिवसाला त्याने मला न सांगता डिसेंबरच्या ५० किलोमीटरची फी भरून टाकली. सासूबाईंना मात्र पटत नाही. ‘अंग सैल असतं गं, वर्षभर तरी उड्या मारू नकोस,’ हे रोजचं. त्या स्वतः कुठे जात नाहीत, सख्ख्या भाचीच्या लग्नाला साताऱ्यालासुद्धा आल्या नाहीत, आणि मीही घरात बसावं असं त्यांना वाटतं. बाळ अंगावर पितं. मी दूध काढून ठेवून जाते. परत आल्यावर आधी आंघोळ करते, मगच त्याला घेते. तेवढा वेळ ते रडतं आणि मला फार अपराधी वाटतं. पळण्याचं सगळं व्यवस्थित आहे. निघायच्या आधी दोन तास पाणी पीत नाही, त्यामुळे त्याचाही प्रश्न नाही. जास्मिन पॅरिस या ब्रिटिश धावपटूने बाळाला पाजत असताना एवढी मोठी शर्यत जिंकली, मग मी का नाही? सासूबाईंना कसं समजावू?*

अगं,

सर्वनाम नामाऐवजी येतं, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. तुझ्या पत्रातल्या ‘त्याचाही’चं नाम मी शोधत बसले. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. नाहीच. सासूबाईंना तू तीन-चार वाक्यं दिलीस, आणि ज्याच्यामुळे दोन तास घशाला कोरड पाडून घेतेस त्याला एक शब्द नाही. मग मीच लिहिते. पळताना तुला लघवी होते. चढावर कमी, उतारावर जास्त. घसाऱ्यावरून पाय सटकला आणि दाणकन टाच टेकली की हमखास.

चुकत असेन तर कळव. पण चुकत नाहीये.

आंघोळीचंही मग कळलं. घामासाठी कोणती आई रडतं बाळ पाळण्यात ठेवून आधी बाथरूम गाठते? तुला वास येतोय असं वाटतं, कपडे आधी भिजवून टाकायचे असतात. बाळाला त्याचं काहीही नाही गं. ते स्वतः दिवसातून दहा वेळा तेच करतं आणि सगळं घर त्याचं कौतुक करतं. घरात आल्यावर आधी त्याला घेत जा.

दूध काढते, हे तू किती सहज लिहिलंस बघ. कोणालाही लिहिशील, नवऱ्याच्या मित्रांसमोरही बोलशील. दूध गळून ब्लाऊज भिजला तर बाई आई ठरते. तिच्याच शरीरातून, त्याच बाळंतपणामुळे दुसरं काही गळलं की ती सर्वनाम वापरायला लागते.

मीही वापरलं आहे. धाकट्याच्या वेळेनंतर अकरा वर्षं. शिंक येणार असं वाटलं की पाय आवळून भिंतीला टेकायचे. नाटकाला गेले की कडेची खुर्ची. आमची एक मावशी भयंकर विनोदी होती, ती आली की मी चहा टाकायच्या निमित्ताने आत जायचे, कारण तिच्यासमोर हसले असते तर उठता आलं नसतं. त्या मावशीचे किती किस्से माझे ऐकायचे राहिले. पुढे कंबर धरली म्हणून एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने कंबरेचं सगळं विचारून झाल्यावर, वही मिटता मिटता, हेही विचारलं. मी आधी नाही म्हटलं. मग दारापर्यंत जाऊन परत फिरले. चार महिने व्यायाम केला. अकरा वर्षांचं ओझं चार महिन्यांत उतरलं, याचा मला आनंद होण्याऐवजी आधी संताप आला.

म्हणून तुझ्यावरही जरा चिडले आहे, सांभाळून घे.

‘सिझर झालं, त्यामुळे खालच्या बाजूला त्रास नाही’ हे तुला कोणी सांगितलं? ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, सगळं तिच्यावर तोललेलं. बाळ कुठूनही बाहेर येऊ दे, नऊ महिने त्याचं वजन त्याच झोळीने पेललेलं असतं. सिझरने धोका कमी होतो, संपत नाही. शिवाय पोटाचे थर कापून शिवलेले असतात, ते वेगळंच. त्यात अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असतं, तिथलं सगळं नाजूक असतं. आणि पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुपटीहून जास्त भार जमिनीकडून परत वर येतो. सिंहगडावरून उतरताना किती पावलं पडतात ते तुझं घड्याळ सांगेल.

आता पाण्याचं. सिंहगडावरच्या देवटाक्यापाशी लोक मुद्दाम थांबून ते गार पाणी पितात, आणि तू अंगावर पिणारं बाळ घरी ठेवून त्याच्या शेजारून कोरडी जातेस. सिंहगडापुरतं तुझं दोन तासांचं गणित कसंबसं जमत असेल. डिसेंबरात काय करशील? राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे निघालीस की ती सोंड किती लांब आहे आणि दुपारी तिच्यावर किती सावली असते, हे मी तुला सांगायला नको. तिथे तासन्‌तास पाणी न पिता पळणार? की पिणार, आणि मग पुढच्या प्रत्येक उतारावर घाबरणार? दुसरं असं की पाणी कमी प्यायल्याने हे थांबत नाही. लघवी दाट होते, मूत्राशय जास्तच चिडतं, घाई वाढते. म्हणजे उपाय म्हणून जे करतेस तेच त्रासाला खतपाणी.

२०१९ साली ब्रिटनमधल्या तिघा फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतर पळायला कधी, कसं लागावं याच्या सूचना लिहिल्या. पहिल्या बारा आठवड्यांत पळूच नका, असं त्यात आहे. तेवढं तू पाळलंस, उलट जास्तच थांबलीस. पण त्यापुढचंही आहे: लघवी गळत असेल, खाली काहीतरी ओढल्यासारखं किंवा जड वाटत असेल, तर आधी तपासून घ्या. तू कॅलेंडर पाहिलंस आणि शरीराने सांगितलेलं गाळलंस.

सासूबाईंकडे येते. त्यांना ‘समजावायचं’ आहे तुला! त्यांच्या बोलण्यातला ‘अंग’ हा शब्द ऐकलास का? गर्भाशय खाली सरकतं त्याला आपल्या जुन्या बायका ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. सव्वा महिना, पोटपट्टी, जड उचलू नको, उकिडवी बसू नको, या सगळ्यामागे त्याचीच धास्ती होती. त्यांचे सगळे उपाय बरोबर होते असं नाही, पण भीती खरी होती आणि डोळ्यांनी पाहिलेली होती. वर्षभर उडी मारू नको हा सल्ला मी देणार नाही. पण तुझ्या घरात या विषयावर तोंड उघडलेली ती एकटीच बाई आहे, आणि तिच्यावरच तू चिडलीस.

आणखी एक. सख्ख्या भाचीच्या लग्नाला त्या का आल्या नाहीत? साताऱ्याला जायला दोन-अडीच तास, मध्ये खंबाटकी, आणि वाटेतल्या बायकांच्या स्वच्छतागृहांची अवस्था तू पाहिली आहेस. मला त्यांचं काही माहीत नाही, त्यांना कदाचित त्या भाचीचा नवराच आवडत नसेल. पण निघायच्या आधी दोन तास पाणी न पिणारी सून त्याच घरात आहे, म्हणून विचारते.

नवऱ्याबद्दल तू लिहिलंस, फार चांगला आहे. असेल. पण एका घरात राहून बायको पाणी मोजून पिते हे ज्याला दिसलं नाही, आणि ज्याने न विचारता तिला ५० किलोमीटर भेट दिले, त्याला मी लगेच शाबासकी देणार नाही. एवढीच हौस होती तर रविवारी सकाळी आठपर्यंत झोपू द्यायचं होतं.

आणि जास्मिन पॅरिस. २०१९ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या स्पाइन रेस या शर्यतीचे २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३१ किलोमीटर, तिने ८३ तास १२ मिनिटांत कापले. सगळ्या पुरुषांच्याही आधी, वाटेतल्या मुक्कामांवर थांबून दूध काढत. मुलगी तेव्हा १४ महिन्यांची होती. तुझं बाळ नऊ महिन्यांचं आहे, आणि पाच महिने बाळंतिणीच्या शरीराला थोडे नसतात. शिवाय वाटेत शरीर काय मागतंय ते तिने लपवलं नव्हतं, थांबून ते केलं. दुसरी एक सोफी पॉवर. २०१८ च्या यूटीएमबी या आल्प्समधल्या लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीतला तिचा फोटो तू पाहिलाच असशील, एका बाजूने तीन महिन्यांचं बाळ पितंय आणि दुसऱ्या बाजूला पंप लावलेला. लोकांनी तो आईच्या जिद्दीचा फोटो म्हणून फिरवला. तिचं म्हणणं निराळंच होतं: दुखापत झाली असती तर प्रवेश पुढच्या वर्षी ढकलता आला असता, गरोदरपणासाठी ती सोय नव्हती. पुढे तिथले नियम बदलले, कारण ती गप्प बसली नाही.

डिसेंबरात पळायचं की नाही, याचं उत्तर मी देणार नाही. ते मला ठरवता येत नाही, तुलाही नाही, आणि फी भरणाऱ्याला तर अजिबात नाही. येत्या सोमवारी सकाळी फोन उचल आणि ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टची वेळ घे. पुण्यात आहेत अशा. मिळत नसेल तर तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना नाव विचार. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्या स्नायूंची आवळासोड करत बसू नकोस. कितीजणी श्वास कोंडून नुसते कुल्लेच आवळतात, काहीजणी उलट खाली जोर देतात, आणि काहींचे स्नायू आधीच इतके ताठलेले असतात की त्यांना सैल सोडायला शिकवावं लागतं. तू यातली कोण, हे हाताने तपासल्याशिवाय कळत नाही. तुला विचारून, तुझी परवानगी घेऊनच ती आतून तपासेल. व्यायाम किमान तीन महिने करावे लागतील. तोरणा तिथेच आहे.

त्या दिवशी घरून पाणी पिऊन निघ. आत गेल्यावर ती विचारेल, काय होतंय? तेव्हा ‘डिलिव्हरीनंतर जरा त्रास आहे’ असं म्हणू नकोस. म्हण, ‘पळताना मला लघवी होते.’ हे वाक्य आधी घरी एकदा मोठ्याने म्हणून बघ. सासूबाई शेजारच्या खोलीत असतील तर असू देत.