वाचक विचारतात : ‘उल्हासनगर इतकं दाट का?’

प्रश्न : कल्याणला लागूनच असलेलं उल्हासनगर एवढं गजबजलेलं का? पत्त्यात ‘कॅम्प’ का लिहितात?

उत्तर : ताई, माझा जन्मच तिथला, बराकीतला. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत ठेवलं. एकेका लांबलचक बराकीत आडोसे घालून कितीतरी संसार! १९४९मध्ये उल्हास नदीवरून नाव पडलं, पण छावणीचे एक ते पाच क्रमांक तसेच राहिले. पोस्टमन आजही बराक नंबरच शोधतो.

क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर. पसरायला जागा नाही, म्हणून बराकींवर मजले चढले. खाली दुकान, वर शिलाई मशिनं, त्याच्यावर घर. कापलेल्या जीन्सचे गठ्ठे जिन्यात, त्यांना अंग चोरून वर जायचं.

सगळं गमावून आलेल्यांनी उभा केलेला हा बाजार आहे, त्याचा मला फार अभिमान वाटतो. तिथून वाहणाऱ्या वालधुनी नदीची मात्र दैना झाली. रंगाच्या पाण्याने ती निळी पडलेली मी पाहिली, तेव्हा पोटात तुटलं.

एकदा जाऊन या, ताई. कॅम्प तीनमधली दाल-पकवान सकाळीच खा.